इंदुरात घरी अंडी उबवायची तर वजनकाटा आधी घ्या

उबवणीचं यंत्र विकत घेतलं की त्याच्याबरोबर एक कागद येतो. तापमान ३७.५, आर्द्रता ५५ टक्के, दिवस २१. कागदात चूक काही नाही, फक्त तो इंदुरात बसून लिहिलेला नाही. इथे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि घरात कूलरची ओली हवा. ऑगस्टात चपलांना बुरशी. जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. शिवाय माळव्याच्या रात्री थंड, त्यामुळे दुपार आणि पहाट यांत मोठा फरक. एकाच घरातलं एकच यंत्र या ऋतूंमध्ये वेगवेगळ्या यंत्रांसारखं वागतं.

माझी पहिली खेप अशाच एका मे महिन्यातली. चोवीस अंडी, यंत्राच्या पडद्यावर रात्रंदिवस ३७.५. एकोणिसाव्या दिवशीच चिवचिव सुरू झाली आणि आमच्या आत्या म्हणाल्या, "लवकर आली, हुशार दिसतात." हुशार नव्हती, भाजली होती. नऊ बाहेर पडली, बहुतेकांच्या बेंब्या उघड्या, जगली चार. नंतर ताप मोजायच्या थर्मामीटरने पाहिलं तर पडदा ३७.५ म्हणत होता तेव्हा आत ३८.६ होतं. तेव्हापासून पडद्यावर विश्वास नाही. विश्वास अंड्यावर, आणि अंड्याचं म्हणणं ऐकायचं साधन म्हणजे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. त्याच्याकडे येतोच, आधी अंडी.

कुठली अंडी, किती दिवसांची

दुकानातली पांढरी अंडी उबत नाहीत, कारण त्या फार्मवर कोंबडाच नसतो. फलित अंडी हवीत, म्हणजे कळपात नर हवा: देशी कोंबड्यांत आठ-दहा माद्यांमागे एक, बदकांत पाच-सहांमागे एक, बटेरमध्ये दोन-तीन माद्यांमागे एक. नर नुकताच सोडला असेल तर निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग अंडी जमवा.

इंदूरकरांना कडकनाथ या काळ्या कोंबडीचं आकर्षण असतंच. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून मागणी आणखी वाढली. अंडं लहानसं, फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेलं. ही अंडी तिकडून बसने मागवली तर गंगवाल बसस्टँडवर उतरेपर्यंत माछलिया घाटातले हादरे खाऊन येतात. आल्या आल्या यंत्रात घालू नका. निमुळतं टोक खाली करून चोवीस तास स्वस्थ ठेवा, म्हणजे हलून गेलेली हवेची पोकळी जाग्यावर बसते. टॉर्चवर पाहिलं आणि पोकळी अजूनही पाण्यातल्या बुडबुड्यासारखी इकडेतिकडे पळत असेल, तर त्या अंड्याकडून फार आशा नको.

अंडी साठवायची १३ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली, जास्तीत जास्त सात दिवस. त्यापुढे पिल्लं निघण्याचं प्रमाण रोज थोडं थोडं कमी होतं. फ्रिज चालत नाही, तो फार थंड. आता इंदुरात १५ अंशांची खोली उन्हाळ्यात आणायची कुठून? नाही मिळत. म्हणून एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जुनं अंडं मी लावतच नाही. साधारण २१ अंशांच्या वर भ्रूण अर्धवट वाढायला लागतो. तीस-बत्तीसच्या खोलीत आठवडाभर पडलेल्या अंड्यात तो धड झोपलेला नसतो आणि धड जागाही नसतो, आणि असे भ्रूण पहिल्या तीन-चार दिवसांत मरतात. माठाशेजारी ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवलं तर थोडा दिलासा मिळतो, इतकंच.

अंडी धुवू नका. टरफलावर एक नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतूंना दार उघडं. बदकांची अंडी चिखलाने माखलेली असतात, ती कोरड्या घासणीने हलकेच खरवडा. फारच घाण असतील तर सोडून द्या. तडा गेलेलं, अगदी गोल, दोन बलकांचं वाटावं इतकं मोठं, हेही नको.

पेटी

तयार यंत्र घ्या किंवा थर्मोकोलची पेटी बनवा. पेटी बनवायची तर दोन ४० वॅटचे पिवळे बल्ब (एक उडाला तर दुसरा असतो), संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा आणि तापमान नियंत्रणाची छोटी पट्टी, डब्ल्यू १२०९ म्हणून मिळते ती. जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. बल्ब थर्मोकोलपासून वीतभर तरी लांब, मध्ये पत्र्याचा आडोसा. थर्मोकोल वितळतं आणि पेटतंही. वायरिंग जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, २३० व्होल्टशी प्रयोग नको. खाली चार आणि वर चार, पेन्सिल जाईल एवढी भोकं. पाण्याच्या ताटलीवर जाळी, नाहीतर पिल्लं त्यात बुडतात.

पंखा असेल तर तापमान ३७.५. पंख्याविना पेटीत थर लागतात, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ३८.३ ते ३८.९ धरतात. सेन्सर कायम त्याच उंचीवर, बल्बच्या थेट उजेडापासून लपवून.

मोजमाप पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. पेल्यात कोमट पाणी घ्या, सेन्सरचं टोक आणि ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरचं टोक एकत्र धरा, पाणी ढवळत राहा. ३७-३८ च्या आसपास दोघांत जो फरक दिसेल, तेवढा पट्टीवर दुरुस्त करा. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मापकासह घट्ट डब्यात बंद करून सात-आठ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवं. ६८ दिसलं तर तुमचा मापक सात कमी सांगतो. हे सगळं झाल्यावर पेटी दोन दिवस रिकामी चालवा. घाई इथेच होते आणि ती नडते.

जागा: तळमजल्यावरची, सगळ्यात कमी बदलणारी खोली. गच्चीवरची पत्र्याची खोली मोकळी असते म्हणून तिथे पेटी ठेवली तर मे महिन्यात खोलीच ४० होते, आणि थर्मोस्टॅटला तापवता येतं, थंड करता येत नाही.

पाणी किती, ते अंडं सांगेल

अंडं उबताना टरफलाच्या छिद्रांतून पाणी गमावतं, आणि ते गमवायलाच हवं. त्या जागी हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतला घेतं. पाणी कमी गेलं तर पिल्लू फुगलेलं, चिकट, आतच बुडालेलं. जास्त गेलं तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला घट्ट गुंडाळतो. कोंबडीच्या अंड्याने अठराव्या दिवसापर्यंत सुरुवातीच्या वजनाच्या साधारण १२ टक्के गमवावेत.

कागदावरची ५५ टक्के आर्द्रता का फसवते, त्याचा हिशेब असा. हवा तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रतेचा आकडा घसरतो. ऑगस्टातली २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापली की आत सुमारे ४७ टक्के होते. म्हणजे ताटलीत एक थेंब नसताना काम भागतंय. उलट जानेवारीत खोली २० अंश आणि ४० टक्के असेल तर पेटीत जेमतेम १५ टक्के. मे महिन्यात कूलर नसलेली ३६ अंशांची कोरडी खोली आत १८ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि शेजारी कूलर चालू असला तर तीच ४० टक्क्यांना पोचते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकच ताटली तेवढीच भरून ठेवणारा माणूस एका ऋतूत पिल्लं बुडवतो आणि दुसऱ्यात वाळवतो.

म्हणून काटा. अंडी ठेवायच्या दिवशी सगळ्यांचं मिळून वजन करा. समजा दहा अंडी ४८० ग्रॅम भरली. १२ टक्के म्हणजे साधारण ५८ ग्रॅम, अठरा दिवसांत. रोजचे ३.२. सहाव्या दिवशी १९ ग्रॅम कमी व्हायला हवेत, बाराव्या दिवशी ३८. वहीत सरळ रेघ आखा आणि दर तीन दिवसांनी ठिपका टाका. ठिपका रेघेच्या वर, म्हणजे वजन पुरेसं उतरत नसेल, तर पाणी काढा, भोकं मोकळी करा. खाली असेल तर पाणी वाढवा. पाणी वाढवणं म्हणजे ताटली खोल भरणं नव्हे. वाफ पृष्ठभागातून होते, तेव्हा रुंद ताटली ठेवा किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा उभा करा. मधलं अंडं काढून टाकलं तर हिशेबातून त्याचं पहिल्या दिवसाचं वजनही काढा, म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा आणि वजन लिहिलेलं बरं.

बदकाच्या अंड्याने पंचविसाव्या दिवसापर्यंत थोडं जास्त, १३-१४ टक्के गमवावं. बदक पाणपक्षी म्हणून पेटीत पाणीच पाणी करायचं, हा गैरसमज मी इथल्या दोन-तीन जाणकारांच्या तोंडूनही ऐकला आहे.

रोजचं काम

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीने. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी की रात्रीचा लांबलचक वेळ रोज एकाच कुशीवर जाऊ नये. एकदा या दिशेने फिरवलं तर पुढच्या वेळी उलट दिशेने. नुसती गोल गोल एकाच बाजूला घुमवत गेलात तर बलक धरून ठेवणारे आतले पीळ आवळतात. हात आधी साबणाने धुवा. पहिल्या आठवड्यात फिरवणं चुकलं तर भ्रूण पापुद्र्याला चिकटतो आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून पुठ्ठ्याच्या भोकावर अंडं धरा, मागून मोबाईलचा टॉर्च. लाल कोळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला की चाललं आहे. स्वच्छ पिवळं दिसलं तर अफलित. लाल कडं दिसलं तर मेलेलं, काढून टाका, कारण असं अंडं सडून पेटीत फुटलं तर वासाबरोबर जंतूही सगळीकडे जातात. शंका असेल तर ठेवा आणि तीन दिवसांनी परत बघा. बटेरचं ठिपक्याठिपक्यांचं अंडं फार काही दाखवत नाही, तिथे डोळे फोडू नका. बदकाचं मात्र पाहत राहावं असं असतं, नवव्या-दहाव्या दिवशी आतलं पोर हात-पाय ताणताना दिसतं. आमच्या वाड्यातली मुलं त्यासाठी जेवण सोडून येतात.

वीज गेली तर

घाबरून पेटी उघडून बघणं, हीच मोठी चूक. एक-दोन तास वीज नसली तर भ्रूण सहसा तग धरतो, थोडा मागे पडतो इतकंच. झाकण लावलेलं असू द्या, वरून गोधडी टाका. हिवाळा असेल तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून अंड्यांपासून थोड्या अंतरावर आत ठेवा. दुसऱ्या पंधरवड्यात मात्र गोधडीने भोकं बुजवू नका, तेव्हा मोठे झालेले भ्रूण स्वतःची ऊब तयार करतात आणि त्यांना प्राणवायूही जास्त लागतो. गारव्यापेक्षा उष्मा घातक: आत काही तास ४०-४१ झालं की खेप गेली समजा. म्हणून जानेवारीत वीज गेली तर मी झोपतो, आणि मे महिन्यात वीज असतानाही रात्री उठून बघतो.

सगळा विचार करून इंदुरात नवख्याने पहिली खेप फेब्रुवारीत किंवा दिवाळीनंतर नोव्हेंबरात लावावी.

कोण किती दिवस

कोंबडी, कडकनाथसकट: २१ दिवस, फिरवणं १८ पर्यंत.
बटेर: १७-१८ दिवस, फिरवणं १४ पर्यंत.
बदक, खाकी कॅम्पबेल किंवा पांढरी पेकिन: २८ दिवस, फिरवणं २५ पर्यंत.
मस्कोव्ही बदक: ३५ दिवस, फिरवणं ३१ पर्यंत.
टर्की: २८ दिवस, फिरवणं २५ पर्यंत.
गिनी कोंबडी: २६ ते २८ दिवस, फिरवणं २३-२४ पर्यंत.
पाळीव हंस: साधारण ३० दिवस, फिरवणं २७ पर्यंत.

तापमान सगळ्यांचं जवळपास तेच. बदक आणि हंस यांना आठव्या दिवसापासून रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून गार होऊ देतात आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात, कारण मादी चारा खायला उठते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते. फिरवणं थांबलं की हेही थांबवायचं. मस्कोव्ही आणि हंस ही नवख्याची कामं नव्हेत.

एकच पेटी आणि हौस मोठी असेल तर बदक आज, कोंबडी सातव्या दिवशी, बटेर अकराव्या दिवशी लावा. तिघांचं फिरवणं पंचविसाव्या दिवशी एकत्र थांबतं आणि पिल्लं अठ्ठाविसाव्याच्या आसपास एकत्र येतात. वजनाची रेघ मात्र प्रत्येकाची वेगळी आखा. टर्की यात नको. कोंबड्यांच्या विष्ठेतून येणारा ब्लॅकहेड नावाचा आजार कोंबड्यांना फारसा जाणवत नाही आणि टर्कीला मारतो, तेव्हा तिचं घर पहिल्यापासून वेगळं.

मोराची किंवा रानातल्या तितराची अंडी शेतात सापडली म्हणून कुणी आणून देतं. घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पक्षी संरक्षित आहेत. फार्मवरचा बटेर म्हणजे जपानी जात, ती गोष्ट निराळी.

शेवटचे तीन दिवस

फिरवणं थांबलं की अंडी आडवी ठेवा, खाली खरखरीत जाळी किंवा फडकं पसरा (गुळगुळीत पत्र्यावर पाय फाकतात), आर्द्रता ६५ ते ७० वर न्या, बदकांना थोडी जास्त, भोकं सगळी उघडी. आणि झाकण बंद. आता काटाही नको, टॉर्चही नको.

आधी पिल्लू आत हवेच्या पोकळीत चोच घालतं. अंडं कानाशी न धरताही चिवचिव ऐकू येते. मग टरफलाला पहिला तडा. आणि मग काहीच नाही. तासन्‌तास काहीच नाही, आणि इथेच माणसं चिमटा घेऊन धावतात. त्या शांततेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त परत घेत असतं. तड्यापासून बाहेर येईपर्यंत कोंबडीच्या पिल्लाला चोवीस तास लागू शकतात, बदकाला अठ्ठेचाळीस. मध्ये टरफल सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. झाकण उघडलंत तर दमटपणा निसटतो आणि शेजारच्या अंड्यांतले पापुद्रे वाळून आवळतात. मी एकदाच मदत केली, आणि मदत केलेलं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं.

बाहेर आलेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती एक-दोन दिवस सहज काढतात. कडकनाथची पिल्लं निळसर काळी, पाठीवर अनियमित पट्टे. ओली असताना अगदी कोळशाचे तुकडे.

यंत्राशिवाय

घरात खुडूक कोंबडी असेल तर वरचं अर्धं विसरलात तरी चालेल. कडकनाथच्या माद्या मात्र रवणीला बसण्यात कच्च्या, त्यांची अंडी देशी कोंबडीखाली घालतात. खुडूक झाली म्हणजे काय? पिसं फुलवून बसते, हात नेला की गुरगुरते, चोच मारते, तरी उठत नाही. दोन दिवस खोटी अंडी देऊन पारखा आणि मग रात्रीच्या अंधारात खरी सरकवा. टोपलीत तळाला राख किंवा माती, वर गवत, थोडा कडुलिंबाचा पाला, म्हणजे उवा-पिसवा कमी. देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी, बदकाची असतील तर पाच-सहा. तिला रोज एकदा उठवून दाणा-पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसते.

फसलं तर फोडून बघा

न फुटलेली अंडी उकिरड्यावर न टाकता अंगणात एका बाजूला फोडा, नाकाला फडकं बांधून. पहिल्या आठवड्यातले मृत्यू जास्त असतील तर साठवण किंवा सुरुवातीचं तापमान बघा. पूर्ण वाढलेली पिल्लं आत मेली असतील तर आर्द्रता किंवा कोंडलेली हवा. आजूबाजूला पाणी दिसलं तर ओल जास्त, पापुद्रा कागदासारखा चिकटला असेल तर कमी. सगळीच दिवसभर आधी आली तर पेटी गरम, उशिरा आली तर थंड. निमुळत्या टोकाकडे डोकं असेल तर अंडं उलटं ठेवलं गेलं होतं. हे वहीत वजनाच्या रेघेशेजारी लिहा. आणि नंतर टरफलं खोल पुरून हात धुवा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात बर्ड फ्लूने कावळे मेले होते, तेव्हापासून माझ्या पिल्लांच्या पिंजऱ्यावर कावळा बसू नये म्हणून जाळी आहे.

पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्बखाली गर्दी केली तर गारठली आहेत, भिंतीकडे पळाली तर उकडतंय. राणीखेत रोगाची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, पशुवैद्याला विचारून. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्याला लांब नाही. बटेरची पिल्लं अंगठ्याएवढी असतात आणि पाण्याच्या उथळ भांड्यातही बुडतात, म्हणून त्या भांड्यात पहिले आठ दिवस काचेच्या गोट्या भरून ठेवा.